प्रिंटके काढलं की ड्रायव्हर हँग होतो : वाचकांचे प्रश्न

ह्या वेळच्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीबद्दल आहेत म्हणून सगळं सदर त्यालाच देतेय. लिनक्स कर्नलमध्ये, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक व्हेरिएबल दोघंतिघं मिळून वापरतात, म्हणजे प्रोसेसरचे दोन कोअर किंवा एक थ्रेड आणि एक इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक मारली की चालणारं फंक्शन), आणि कंपायलरला, आपल्या कोडचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रामला, त्याचा पत्ताच नसतो, मग तो आपल्या मनाने कोड "सुधारतो" आणि आपण रात्री जागवतो. कोडचे तुकडे मराठी अक्षरांत छापलेत. पुढे येणारी रीड_वन्स आणि राइट_वन्स ही मॅक्रोंची नावं कर्नलमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असतात, शोधताना तशी शोधा.

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पायला एक सेन्सर जोडलाय आणि त्याचं छोटं कर्नल मॉड्यूल मीच लिहिलंय. इंटरप्ट आला की हँडलर "रेडी" नावाचं ग्लोबल व्हेरिएबल 1 करतो आणि माझं फंक्शन व्हाईल (!रेडी), असं वाट बघत बसतं. लूपमध्ये प्रिंटके (कर्नलचं मेसेज छापणारं फंक्शन) टाकलं की मस्त चालतं, काढलं की कायमचं अडकतं. हँडलर चालतोय हे वेगळा काउंटर लावून बघितलंय. गाइड म्हणतात टायमिंगचा प्रॉब्लेम आहे, प्रिंटके राहू दे. राहू देऊ का? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : नको, अजिबात राहू देऊ नका. आणि हा टायमिंगचा प्रॉब्लेम नाहीये. तुम्ही हँडलर खरंच चालतोय का ते मोजून बघितलंत हे फार चांगलं केलंत, त्यामुळे अर्धं काम झालंय.

होतं काय ते सांगते. कंपायलर तुमचा लूप बघतो, लूपच्या आत काहीच नाही, म्हणजे "रेडी"ला इथे कुणी हात लावत नाही. मग दर फेरीला मेमरीतून ते परत कशाला वाचायचं? लूपच्या आधी एकदा वाचतो, रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) ठेवतो आणि नंतर रजिस्टरच बघत बसतो. एसटी स्टँडवर एखाद्याने फलाटाचा बोर्ड एकदाच वाचला, वहीत लिहून घेतला आणि मग बोर्डाकडे न बघता वहीच उघडून बघत बसला, तर गाडी दुसऱ्या फलाटावर लागून निघून गेली तरी त्याला कसं कळणार? तसंच आहे हे. तुमच्या कोडचा अर्थ शेवटी असा उरतो की "रेडी" आत्ता 0 असेल तर कायम फिरत राहा. खोटं वाटत असेल तर मॉड्यूलच्या फाइलवर ऑब्जडम्प (मशीन कोड वाचून दाखवणारं टूल) चालवून बघा, मेमरीतून वाचणारी एक ओळ लूपच्या आधी दिसेल आणि पुढे एक उडी दिसेल जी स्वतःवरच उडी मारते.

मग प्रिंटके टाकल्यावर का चालतं? कारण प्रिंटके हे बाहेरचं फंक्शन आहे, त्याच्या आत काय चाललंय हे कंपायलरला तुमची फाइल कंपाइल करताना दिसत नाही, ते कदाचित "रेडी"ला हात लावेल अशी शक्यता त्याला धरावीच लागते आणि म्हणून तो दर फेरीला मेमरी नव्याने वाचतो. म्हणजे तुमचं मॉड्यूल प्रिंटच्या कामामुळे नाही, प्रिंटच्या साइड इफेक्टवर चाललंय. हे मी स्वतः भोगलंय. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या टीमच्या एका ड्रायव्हरमध्ये असाच लूप होता, आत डिबगचा प्रिंट होता, सगळ्या टेस्ट पास झाल्या, आणि रिलीजच्या बिल्डमध्ये डिबगचे प्रिंट गाळले जायचे. मशीन ग्राहकाकडे जाऊन अडकलं. आम्ही परत आणून डिबग बिल्ड टाकली की ते चालायचं. तीन आठवडे गेले त्यात, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने सांगतेय.

दुरुस्ती सोपी आहे. लूप असा लिहा : व्हाईल (!रीड_वन्स(रेडी)) सीपीयू_रिलॅक्स(), आणि हँडलरमध्ये : राइट_वन्स(रेडी, 1). रीड_वन्स कंपायलरला एवढंच सांगतं की ही जागा प्रत्येक वेळी खरोखर वाच, एकदाच वाच, एका दमात वाच. आतमध्ये ते म्हणजे त्या व्हेरिएबलच्या पत्त्याकडे व्होलटाइल (ही जागा कधीही बदलू शकते असं कंपायलरला सांगणारा सी भाषेतला शब्द) पॉइंटर म्हणून बघणं, बाकी जादू काही नाही. सीपीयू_रिलॅक्समध्येही कंपायलरला अडवणारा बॅरिअर असतो, त्यामुळे कर्नलमधले बरेच जुने लूप रीड_वन्स नसताना त्याच्या जिवावर तगलेत, पण तुम्ही दोन्ही लिहा, वाचणाऱ्याला कळतं की हे व्हेरिएबल शेअर्ड आहे.

खरं तर तुमच्या कामाला हा लूपच नकोय. प्रोसेसर जाळत वाट बघण्यापेक्षा कर्नलचं कंप्लीशन वापरा, फंक्शनमध्ये वेट_फॉर_कंप्लीशन_टाइमआउट, हँडलरमध्ये कंप्लीट. थ्रेड झोपतो, इंटरप्ट आला की उठतो, सेन्सरची वायर निघाली तर टाइमआउट होतो, आणि कंपायलरचा आणि प्रोसेसरचा दोन्ही प्रश्न त्याच्या आतच सुटलेले असतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की मॉड्यूलपुरतं ऑप्टिमायझेशन बंद करू का. नको. कर्नल ऑप्टिमायझेशन धरूनच लिहिलेला आहे, शून्य लेव्हलला तो नीट बिल्डच होत नाही, आणि मॉड्यूलचं तसं करून बग लपला तरी तो तिथेच असतो.

प्रश्न : मी दहा वर्षं मायक्रोकंट्रोलरवर फर्मवेअर लिहितोय. आम्ही अशा व्हेरिएबलला सरळ व्होलटाइल लावतो आणि विषय संपतो. कर्नलवाले त्याला एवढं नाकं का मुरडतात? पॅच पाठवला तर पहिली कमेंट तीच आली. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या जागी तुमचं बरोबर आहे. छोट्या कंट्रोलरवर एकच कोअर, एक मेन लूप, दोन इंटरप्ट, तिथे व्होलटाइलने काम भागतं. कर्नलमध्ये अडचण ही की व्होलटाइल व्हेरिएबलच्या जन्माला चिकटतं. म्हणजे लॉक घेऊन आत शिरल्यावर, जिथे दुसरं कुणी हात लावूच शकत नाही, तिथेही कंपायलर दर वेळी मेमरीकडे धावणार, उगाच स्लो. आणि उलट बाजूने जिथे खरंच लॉक पाहिजे होता तिथे व्होलटाइल बघून माणसाला वाटतं की झालं, आता सेफ आहे. कर्नलची भूमिका अशी की व्हेरिएबल साधं ठेवा, ज्या ओळीत लॉकशिवाय वाचताय किंवा लिहिताय त्या ओळीवर खूण करा. मला ही भूमिका मनापासून पटते, कारण कोड वाचताना धोका नेमका कुठल्या ओळीत आहे ते दिसतं, डिक्लेरेशन शोधत दुसऱ्या फाइलमध्ये जावं लागत नाही. अपवाद आहेत, जिफीज हा काउंटर आजही व्होलटाइल आहे. आणि डिव्हाइसच्या रजिस्टरसाठी रीडएल, राइटएल ही वेगळी फंक्शन आहेत, तिथे रीड_वन्स लावू नका.

ह्याचा इतिहास थोडा सांगते कारण तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला तो आवडेल. आधी एकच मॅक्रो होता, अॅक्सेस_वन्स, वाचायला आणि लिहायला तोच. 2014 मध्ये एस390 मेनफ्रेमच्या कर्नलवर काम करणाऱ्या ख्रिश्चन बॉर्नट्रेगर ह्यांना केव्हीएमच्या (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) एका लॉकमध्ये विचित्र प्रकार सापडला. मॅक्रो लावूनही जीसीसी हा कंपायलर व्हेरिएबल परत वाचत होता! कारण जीसीसी 4.6 आणि 4.7 मध्ये बग होता, व्हेरिएबल साधा आकडा नसून स्ट्रक्चर किंवा युनियन असलं तर व्होलटाइलची खूण मधल्या टप्प्यात गळून पडायची. म्हणजे प्रोग्रामरने सगळं नियमाने केलं तरी कंपायलरने ऐकलं नाही. त्यातून कर्नल 3.19 मध्ये रीड_वन्स आणि राइट_वन्स आले, आणि जुना अॅक्सेस_वन्स 4.15 मध्ये म्हणजे जानेवारी 2018 ला कायमचा गेला. तेव्हा तुमच्याकडे जुन्या कर्नलचा ड्रायव्हर असेल आणि नव्यावर कंपाइल होत नसेल तर हे एक कारण असू शकतं.

"एका दमात" असं वर लिहिलं तेही ह्यातलंच. समजा 32 बिटच्या व्हेरिएबलमध्ये तुम्ही 65538 लिहिताय, म्हणजे वरच्या 16 बिटांत 1 आणि खालच्या 16 बिटांत 2. काही प्रोसेसरवर 16 बिटचा आकडा थेट मेमरीत टाकायची स्वस्त इन्स्ट्रक्शन असते, तर कंपायलर अशा दोन इन्स्ट्रक्शन वापरायला मोकळा आहे, आणि मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरने वाचलं तर त्याला जुना अर्धा नवा अर्धा असा कधीच कुणी न लिहिलेला आकडा मिळतो. राइट_वन्स ते तुकडे होऊ देत नाही. मात्र 32 बिटच्या मशीनवर 64 बिटचं व्हेरिएबल असेल तर रीड_वन्सचाही इलाज नाही, हार्डवेअरलाच ते दोनदा वाचावं लागू शकतं.

प्रश्न : हे सगळं फार तर हँग होण्यापुरतं ना? सिक्युरिटीच्या ऑडिटमध्ये आमच्याकडे कंपायलर ऑप्टिमायझेशन हा मुद्दा कुणी लिहितच नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लिहायला पाहिजे. एक खरं प्रकरण सांगते, माझ्या मते हे प्रत्येक ड्रायव्हरवाल्याला माहिती असायला हवं.

झेन हा हायपरव्हायझर, म्हणजे एका मशीनवर (होस्ट) अनेक व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात गेस्ट मशीन आणि होस्टच्या बाजूचा बॅकएंड ड्रायव्हर ह्यांच्यात मेमरीचं एक पान शेअर केलेलं असतं. गेस्ट त्यात कमांड लिहितो, बॅकएंड वाचून काम करतो. गेस्टवर विश्वास ठेवायचा नाही हे तर सगळ्यांना माहिती, म्हणून बॅकएंड आकडा तपासूनच पुढे जातो. डिसेंबर 2015 मध्ये एक्सएसए-155 नावाची सुरक्षेची सूचना निघाली, त्या भोकाचा नोंद क्रमांक सीव्हीई-2015-8550. पीसीआय कार्डांच्या बॅकएंडमध्ये कमांडवर एक साधं स्विच स्टेटमेंट होतं, आणि ती कमांड शेअर केलेल्या पानातच पडलेली होती. सी भाषेत बघाल तर ती एकदाच वाचलीय, स्विच लिहिलं, केस लिहिल्या, डिफॉल्टही लिहिलं, रिव्ह्यू करणाऱ्याला बोट ठेवायला जागा नाही.

पण स्विचचा मशीन कोड बनवताना कंपायलर बऱ्याचदा जंप टेबल करतो. आधी बघतो की आकडा टेबलाच्या मर्यादेत आहे का, मग त्या आकड्याच्या जागी टेबलात जो पत्ता असेल तिथे उडी मारतो. आणि हे करताना त्याने कमांड मेमरीतून दोनदा वाचली, एकदा मर्यादा तपासायला आणि एकदा उडीसाठी. त्याच्या दृष्टीने काही चूक नाही, मधे कुणी बदललं नाही असंच तो धरतो. बँकेत कॅशियरने चेकवरचा आकडा खात्याशी ताडून बघितला, आणि नोटा मोजताना परत चेककडेच बघितलं, आणि तेवढ्यात समोरच्याने पेनने एक शून्य वाढवलं, तर तपासणीला काय अर्थ राहिला! गेस्टमधल्या हल्लेखोराने दोन वाचनांच्या मधल्या क्षणात कमांड बदलली की उडी टेबलाच्या बाहेर, आणि होस्टच्या कर्नलमध्ये भलतीकडे. गेस्टमधून होस्टमध्ये शिरायचा रस्ताच झाला की हा. आणि हे भोक सोर्स कोडमध्ये दिसतच नाही, एका कंपायलरच्या बिल्डमध्ये असेल, दुसऱ्याच्या नसेल.

दुरुस्ती काय केली, तर कमांड आधी स्वतःच्या खासगी कॉपीत घेतली, लगेच खाली बॅरिअर() लिहिलं आणि पुढे सगळीकडे कॉपीच वापरली. बॅरिअर() म्हणजे रिकामं असेंब्ली, त्यातून एकही इन्स्ट्रक्शन निघत नाही, पण कंपायलरला सांगितलं जातं की इथे मेमरी बदललेली असू शकते, आधीचं गृहीत धरू नकोस. ते नसतं तर कंपायलर म्हणू शकला असता की कॉपी आणि मूळ सारखंच आहे, मी कॉपी गाळतो आणि मूळच वाचतो, आणि गाडी परत तिथेच. म्हणून नुसती "लोकल व्हेरिएबलमध्ये घेतलं" एवढ्यावर ऑडिटमध्ये टिक करू नका, ते कसं घेतलं ते बघा. एकाच आकड्याचा प्रश्न असेल तर रीड_वन्सने घ्या, अख्खं स्ट्रक्चर असेल तर कॉपी आणि बॅरिअर.

पॉइंटरचंही असंच होतं. शेअर्ड पॉइंटर लोकल "पी"मध्ये घेतला, पी नल नाही हे बघितलं, मग पी मधून वाचलं. रजिस्टर कमी पडले तर कंपायलर "पी" टाकून मूळ शेअर्ड पॉइंटर परत वाचायला मोकळा असतो, आणि दुसऱ्या वेळी तो नल असेल तर कर्नल कोसळतो, तेही बरोबर नलचा चेक लिहिलेल्या ओळीखाली. आरसीयूचं (लॉक न घेता वाचायची कर्नलची पद्धत) आरसीयू_डीरेफरन्स हे त्यासाठीच आहे.

प्रश्न : मग सगळीकडेच रीड_वन्स राइट_वन्स लावून टाकले तर? आमच्या मॉड्यूलमध्ये एक काउंटर आहे, दोन थ्रेड वाढवतात, मी राइट_वन्स(एन, रीड_वन्स(एन) + 1) केलं तरी आकडा कमी भरतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कमी भरणारच. दोघांनी एकाच वेळी 7 वाचला, दोघांनी 8 लिहिला, एक वाढ गेली. ही दोन्ही मॅक्रो फक्त कंपायलरला वेसण घालतात, दोन थ्रेडना रांगेत उभं करत नाहीत. काउंटरला अॅटॉमिक_टी घ्या आणि अॅटॉमिक_इन्क वापरा, ते वाचणं, वाढवणं, लिहिणं एकाच अखंड पावलात करतं. जिथे प्रत्येक जण लॉक घेऊनच आत जातो तिथे ह्यातलं काहीच लावू नका, लॉक ते काम करतोच, आणि उगाच लावलेलं रीड_वन्स पुढच्या माणसाला सांगतं की इथे लॉकशिवाय कुणीतरी येतं, म्हणजे दिशाभूल. लिहिणारे लॉक घेतात पण एखादा वाचणारा लॉकशिवाय डोकावतो असं असेल तर लिहिणाऱ्याने लॉकच्या आतही राइट_वन्स लावायचं, डोकावणाऱ्याने रीड_वन्स. लॉकच्या आत वाचणाऱ्याला गरज नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. सांगलीच्या विद्यार्थ्यानेही हे वाचा. आधी डेटा लिहिला मग रेडी 1 केलं, दोन्ही राइट_वन्सने. कंपायलर आता त्यांचा आपसातला क्रम बदलणार नाही, पण एआरएमचा (रास्पबेरी पायमधला) प्रोसेसर स्वतः बदलू शकतो, आणि दुसऱ्या कोअरला रेडी 1 दिसेल पण डेटा जुनाच. इंटेलच्या लॅपटॉपवर हे दिसत नाही कारण तिथे एका कोअरची लिखाणं बाकीच्यांना त्याच क्रमाने दिसतात, म्हणून "माझ्या मशीनवर तर चालतं" ह्याला इथे काही किंमत नाही. हा क्रम प्रोसेसरनेही पाळावा म्हणून रेडी लिहायला एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि वाचायला एसएमपी_लोड_अॅक्वायर वापरा, जोडीनेच, एकाच बाजूला लावून उपयोग नाही.

प्रश्न : मी माझ्या स्ट्रक्चरमधल्या लॉकला हातही न लावता शेजारचा एक बिटचा फ्लॅग बदलतो. ह्यात काही धोका? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आज, नव्या कंपायलरवर, लॉक असलेल्या शेजाऱ्याला नाही. पण प्रश्न अगदी मोक्याचा आहे. 2012 च्या सुरुवातीला बीटीआरएफएस फाइल सिस्टिममध्ये नेमकं हेच झालं होतं, इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरच्या मशीनवर. स्पिनलॉकच्या (फिरत वाट बघणाऱ्या लॉकच्या) शेजारी एक बिटचा फ्लॅग, आणि जीसीसीने तो बदलायला आख्खे 64 बिट उचलले, बिट बदलला आणि 64 बिट परत ठेवले. त्या 64 मध्ये लॉकही होता. मधल्या वेळात दुसऱ्या कोअरने लॉक सोडलेला, पण जुनी किंमत परत लिहिली गेली आणि लॉक पुन्हा बंद, आता तो उघडणार कोण? सी11 (सी भाषेचं 2011 चं मानक) च्या नियमांनी असं शेजाऱ्याच्या जागेत लिहिणं बंद केलं. पण शेजारीशेजारी असलेले दोन बिटफील्ड (स्ट्रक्चरमधली काही बिटांचीच फील्ड) अजूनही एकच जागा धरले जातात, तेव्हा दोन बिटफील्ड दोन वेगळ्या लॉकखाली ठेवू नका.

प्रश्न : आमचा ड्रायव्हर 40 हजार ओळींचा आहे. हे शोधायचं कसं? केसीसॅन (कर्नलमधल्या रेस, म्हणजे एकाच जागेवर दोघांचे एकाच वेळी पडणारे हात, शोधणारं टूल) चालवलं तर रिपोर्टमध्ये "रेस अॅट अननोन ओरिजिन" येतंय, दुसरा आरोपी दाखवतच नाही. (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : केसीसॅन बरोबर निवडलंत. ते कर्नल 5.8 पासून आहे, निदान जीसीसी 11 किंवा क्लँग 11 तरी लागतं. ते काय करतं, तर साधारण दर 4000 अॅक्सेसमागे एकावर पाळत ठेवतं, त्या थ्रेडला डीफॉल्टने 80 मायक्रोसेकंद थांबवतं आणि बघतं की तेवढ्यात त्याच जागेला दुसरं कुणी हात लावतं का. म्हणजे एकदा चालवून काही सापडलं नाही तर निश्चिंत होऊ नका, लोड टाकून रात्रभर चालवा. मुद्दाम ठेवलेली रेस असेल, उदाहरणार्थ नुसतं स्टॅटिस्टिक्स छापायला वाचताय आणि चुकलं तरी चालेल, तर तिथे डेटा_रेस() ही खूण आहे. रिपोर्ट गप्प करायला ती सरसकट लावू नका, प्रत्येक ठिकाणी का चालेल ते एका ओळीत कमेंटमध्ये लिहा.

तुमच्या "अननोन ओरिजिन"चा अर्थ असा की पाळत ठेवलेल्या वेळात आकडा बदलला पण बदलणारा पकडला गेला नाही, कारण तो केसीसॅनच्या नजरेखालचा कोडच नाही. तुमचा ड्रायव्हर डीएमए करतो, म्हणजे कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं, असं लिहिलंय, तर मला पहिला संशय तुमच्या कार्डावरच आहे, तेच ती मेमरी लिहितंय. रिपोर्टमधला पत्ता डिस्क्रिप्टर रिंगमध्ये (कार्ड आणि ड्रायव्हर मिळून वापरतात त्या नोंदींच्या यादीत) पडतो का ते बघा. पडत असेल तर त्या डिस्क्रिप्टरचा स्टेटस वाचणाऱ्या ओळीवर रीड_वन्स लावा आणि त्याच्या पुढे, बाकीची फील्ड वाचायच्या आधी, डीएमए_आरएमबी() हा वाचनांचा क्रम राखणारा बॅरिअर टाका.